रविवारची फोडणी

बाबा, तुमचं दुखणं शेवटी माझ्याकडे आलं. तुमचं नाक आणि तुमचा हट्टी स्वभाव आधीपासून होताच, आता हेही. मागच्या हिवाळ्यात शेजारच्यांनी घर रंगवायला काढलं तेव्हा सुरुवात झाली. आधी रंगाचा वास सोसेना, मग उदबत्तीचा, मग फिनाईलचा, आणि एका सकाळी सुनेने वरणाला फोडणी दिली तर मी खोकत खोकत अंगणात जाऊन बसले. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं तेच सांगितलं. तळण बंद, फोडणी बंद, तिखट बंद, लोणची-पापड बंद. वाफवलेलं खा, साधं खा, धुरापासून लांब राहा. मला हसूच आलं. म्हटलं, बाई, हे जेवण मी लहानपणी खाऊन बसले आहे.

इथलं, भोपाळच्या बरखेड्याचं आपलं क्वार्टर आठवतं ना तुम्हाला? मागे पेरूचं झाड, मेंदीचं कुंपण, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट मागच्या बोळात उघडणारी. तुम्ही कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होता. तुम्हाला हे नेमकं कशाने झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, धूळ असेल, गवत असेल, काहीही असेल. फोडणीचा धूर गेला की तुमचा श्वास अडकायचा, एवढं मात्र आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं. आई नागपूरची. तिच्या घरात तेल कडकडल्याशिवाय दिवस उगवत नसे. पण तिने एका दिवसात फोडणीचं कढलं माळ्यावर टाकलं. वरणात नुसतं हिंग-हळद, भाजी उकडलेली, वर खोबरं आणि लिंबू. मी आणि दादा तोंडं वाकडी करून जेवायचो. एकदा मी ताट सरकवलं, "हे काय दवाखान्यातलं जेवण!" आईचा हात वर गेला होता, पण तुम्ही म्हणालात, "अगं, खरंच तर बोलून राहिली ती." आणि स्वतः दुसऱ्यांदा वरण वाढून घेतलंत. तुमचा घास घशाखाली उतरत नव्हता, ते मला दिसत होतं. वरण बेचव होतं म्हणून नव्हे. तुमच्या एकट्यापायी सगळं घर बेचव खातंय, याने.

मग तुम्हीच ती युक्ती काढलीत. रविवारी तुम्ही फिरायला जाणार, आई गोळाभात करणार. भातावर वाफवलेले डाळीच्या भरड्याचे गोळे, ते ताटात कुस्करायचे आणि वरून गरम फोडणीचं तेल. फोडणीवाचून गोळाभात म्हणजे नुसता कोरडा घास. तुम्ही कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या बाकावर बसायचं, घरासमोरच्या तारेवर पिवळा टॉवेल दिसतोय तोवर घरात यायचं नाही. धूर गेला की टॉवेल काढायचं काम माझं. शेजारच्या काकू विचारायच्या, "भाभी, ये पीला तौलिया हर इतवार सूखता ही नहीं क्या?" आई म्हणायची, "मोटा है न!" आणि आत येऊन पदरात तोंड लपवून हसायची.

एका रविवारी मी पेरू काढायला मागच्या दाराने गेले, तर मेंदीच्या कुंपणाआड तुम्ही उभे. नाकावर रुमाल, डोळे मिटलेले. खिडकीतून मोहरी तडतडल्याचा आवाज आला आणि तुम्ही रुमाल किंचित खाली केलात. एक श्वास घेतलात. लगेच रुमाल वर. मला पाहिल्यावर चोरी पकडल्यासारखे दचकलात. "काय करून राहिली तू इथे?" मी म्हटलं, "तुम्ही काय करून राहिलात?" तुम्ही एकदा खिडकीकडे पाहिलंत. मग म्हणालात, "आईला सांगू नको बरं. तिला वाटेल मला पथ्य जड जातं." आणि मागच्या मागे बाकाकडे निघून गेलात. मी सांगितलं नाही. तेव्हा मला एवढंच कळलं की तुम्हालाही फोडणी हवी असते.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नाही, आणि तेवढ्यासाठीच आज कागद घेऊन बसले आहे. आमच्या रविवारच्या फोडणीत लाल मिरची कधीच नसायची. दादा दर वेळी कुरकुरायचा. आई म्हणायची, "मिरची संपली. खा मुकाट्याने." तुम्ही गेल्यानंतर एकदा मी तिला तुमचं ते कुंपणाआडचं गुपित सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नागपूरच्या घरात मिरची संपते का गं कधी? खिडकीतून डोकं दिसायचं त्यांचं." बस, एवढंच. तुम्हाला ठसका लागू नये म्हणून इतकी वर्षं ती बिनमिरचीची फोडणी करत राहिली, आणि तुम्ही समजत राहिलात की तिला पत्ता नाही.

आता अरेरा कॉलनीतल्या मुलाच्या घरी राहते. सून इथलीच, भोपाळची. माझ्या खोकल्याने घाबरून तिने जाहीर करून टाकलं, "मम्मीजी, आज से इस घर में तड़का बंद." मुलाने लगेच मान डोलावली. मी कडाडून भांडले, बाबा. माझ्यापायी कुणाचं ताट बेचव झालेलं मला चालणार नाही, म्हटलं. तुमचा तो न उतरणारा घास माझ्या डोळ्यांपुढे होता. शेवटी तुमचीच युक्ती पुढे केली. रविवारी मी फिरायला जाऊन बागेतल्या बाकावर बसते, ती फोडणी करते. टॉवेलऐवजी मोबाईल, धूर गेला की ती मिस्ड कॉल देते. गोळाभात मीच शिकवला तिला. मिरची मात्र ती आपल्या मनाने मूठभर घालते.

काल रविवारी फाटकापर्यंत गेले आणि पाय पुढे पडेना. घराच्या बाजूने वळून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर जाऊन उभी राहिले, नाकावर पदर धरून. मोहरी तडतडली. हिंग आलं, कढीपत्ता आला. मिरचीचा वास आला की पळायचं, अशा तयारीत होते. तो आलाच नाही. मी दोनदा पदर खाली केला. मला इतकं भरून आलं, बाबा, की खोकला आहे की रडू, माझं मलाच कळेना.

जेवताना मुलगा म्हणाला, "आज मिर्च नहीं डाली?" सून भात वाढत होती. म्हणाली, "खत्म हो गई."

परवाच मी स्वतः मिरच्यांची देठं काढून बरणी गळ्यापर्यंत भरली होती. मान खाली घालून जेवले. तुमच्या पत्त्यावर आता काही पोचत नाही. हा कागद उशीखालीच राहील. पण तुमच्यापाशी कबूल करते, पुढच्या रविवारीही मी बाकापर्यंत जाणार नाही.