इनासची जाहिरात

३ डिसेंबर १९७८, रविवार
देवळात फादरांची मिस्सा आटोपून निघालो तर कापडवाल्या शेटने बाजारात गाठलं. देवळाच्या नाताळ-पत्रकाच्या छपाईचा खर्च यंदा त्याच्याकडून, म्हणून मागचं अख्खं पान त्याच्या जाहिरातीला. नुसतं 'शर्टिंग, लुगडी, वाजवी भाव' नको म्हणतो. गोष्ट पाहिजे, वर समाजाला संदेश. "मास्तर, वाचणाऱ्याचा गळा दाटला पाहिजे." हो म्हटलं. पेपरातल्या मोठ्या दुकानांच्या जाहिराती बघून मलाही खाज होतीच.

६ डिसें.
दोन मसुदे फाडले. तिसरा एका बैठकीत. कातरीनमावशीच सुचली, दुसरं कोण सुचणार? आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिचा मुलगा इनास जहाजावर नोकरीला गेला तो गेला, सात वर्षांत पत्र नाही. दर नाताळला त्याच्या मापाचा सदरा शिवून आणते नि पेटीत ठेवते. गोष्टीत नाव नाही घातलं, बाकी सगळं तेच. आमचं सांडोर गाव, केळीची वाडी, म्हातारी, पेटी, सदरे. खाली ठळक: 'या नाताळात कुणाचीही आई एकटी नसो.' स्वतःवरच खूश होऊन दोनदा मोठ्याने वाचलं. मावशीकडे गेल्याला महिना झाला हे तेव्हा आठवलं नाही.

८ डिसें.
शेटला पसंत, शेवट सोडून. म्हातारी वाटच बघत राहिली तर सदरे कोण घेईल, म्हणतो. मुलगा आला पाहिजे. थोडा वाद घातला, मग गल्ल्यापाशी बसूनच लिहून दिलं. नाताळच्या संध्याकाळी मुलगा दारात उभा, काखेत दुकानाची पिशवी. त्याखाली दुकानाचं नाव. संपलं.

१७ डिसें., रवि.
पत्रक घरोघर गेलं. फादर म्हणाले, डोळे भरून आले. चारचौघांनी पाठ थोपटली. मावशीला वाचता येत नाही, तेव्हा तिकडची काळजी नव्हती.

१८ डिसें.
गाढव आहे मी. शेजारच्या फिलूने तिला पान वाचून दाखवलं. जहाजाच्या कंपनीला इनाससाठी पत्रं घालतो मी. उत्तर आलं तर माझ्याच पत्त्यावर येणार, हे तिला पक्कं ठाऊक. तेव्हा मास्तरने छापलं म्हणजे इनास येतोय हे मास्तरला कळलं. शाळा सुटल्यावर मावशी वाटेत उभी होती.
"मला आधी नाही सांगितलंस? पत्रकातून कळवतोस होय रे?"
रागावली नव्हती. हसत होती. तिला असं हसताना कधी बघितलं होतं, आठवेना. 'तयारीला लाग' असं काहीतरी पुटपुटलो. हे मी बोललो. मीच.

२० डिसें.
तिने घराला चुना काढलाय. सातही सदरे धुऊन वळणीवर वाळत घातलेत. पहिला पार पिवळा पडलाय. गावात कुणी तिला खरं सांगायला धजत नाही, सगळे म्हणतात मास्तरांनीच सांगावं. बरोबरच आहे. फिलू माझ्याकडे येऊन रडून गेली. शेट मजेत, सदऱ्यांचं कापड संपत आलं म्हणे.

२२ डिसें.
सांगायचंच म्हणून गेलो. मावशी, ती जाहिरात आहे गं, एवढं बोललो.
"असेल. पण फादरांच्या संदेशाच्या पानामागेच छापलीय ना? देवळाच्या कागदावर खोटं कोण लिहील?"
आणि गरम करंजी हातावर ठेवली. मी ती खाल्ली. भेकड.

२४ डिसें., रवि. सकाळ
मावशी रात्रीच्या मिस्सेला येणार नाही म्हणते. आजवर एकदाही चुकवली नव्हती. तो आला आणि घर बंद दिसलं तर, म्हणून. पुढचं काही लिहवत नाही.

२५ डिसें.
दुपारी सांगितलं. नवं लाल लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती, फिलू म्हणाली कालच्या संध्याकाळपासून तिथेच आहे. पायरीवर बसलो नि सगळं ओकलो. पत्र नाही, कंपनीचंही उत्तर नाही, शेटला शेवट गोड हवा होता, मी रचला.
"सगळं तूच रचलंस?"
हो म्हटलं. शिव्या देईल, निदान रडेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. लुगड्याचा पदर नीट करत राहिली. मग म्हणाली,
"रचायचंच होतं तर त्याला दारात का उभं केलंस? आत घ्यायचं होतंस. जेवू घालायचं होतंस."
तिला कळलं की नाही, ते समजेना. फिलू दोघांना जेवायला बोलवायला आली, मावशी उठली नाही. मग मीही बसून राहिलो. ती रस्त्याकडेच बघत होती.