दहा पायऱ्यांची भीती

१८ जून, बुधवार

शाळेतून फोन! ऑफिसात, सगळ्यांसमोर! "रुतिका स्विमिंग पूलच्या पायरीशीच बसून रडते, पाण्यात उतरतच नाही. घरी काही झालंय का?" घरी काय होणार? घरी मी आहे ना! झालं की!

नऊ वर्षांची पोर. तिला विचारलं तर म्हणाली, "मला भीती वाटते." मितेश हसला. नवरा म्हणे! "कोळ्याची नात आणि पाण्याला भिते. आईवर गेली." मी वाटी आपटली. वरण भिंतीवर.

पण आईवरच गेली की. खाडीवरचा वाशीचा पूल ओलांडायला नको म्हणून फोर्टमधलं प्रमोशन सोडलं, इथे बेलापूरच्या ऑफिसातच राहिले. पाम बीच रोडवरून जाताना खाडीकडे पाठ करून बिल्डिंगी मोजते. बाथरूममध्ये भरलेली बादलीसुद्धा अर्धी ओतून देते. पोर हे सगळं बघतच मोठी झाली.

आणि हे मला कोणी दिलं? बाबांनी! मी सहा वर्षांची होते. माहेरी, सारसोळ्याच्या जेट्टीवर पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधले आणि दिली ढकलून. गावात सगळ्या पोरांना असंच शिकवतात. माझा एक कॅन सुटला. तोंडात चिखल, नाकात चिखल, डोळे उघडे आणि दिसत काही नाही. वर काढलं तेव्हा अख्खी जेट्टी हसत होती. आणि बाबा — रोहिदास तांडेल, ज्यांच्या होडीला कधी बुडण्याची हिंमत झाली नाही — ते म्हणाले, "पान्याची भीती पान्यातच जाते. परत टाकू काय?"

एकतीस वर्षं झाली. अजून गेलेली नाही.

२१ जून, शनिवार

गेले एकदाची. नेरुळला, वैदेही मॅडमकडे. मानसोपचाराच्या. मितेशला सांगितलं की बँकेत जाते.

बाई हसल्या नाहीत. त्यासाठी दहापैकी दहा मार्क. म्हणाल्या, ही भीती कितीतरी लोकांना असते, कुणाला पाण्याची, कुणाला उंचीची, कुणाला विजांची. आपण वाट बदलली की जीव हुश्श करतो आणि मेंदूला वाटतं, बघ, पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो अजून जोरात ओरडतो.

म्हणजे चूक माझीच! एकतीस वर्षं मीच त्या भीतीला खाऊपिऊ घातलं! हे मी तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, "चूक म्हटलं का मी?" नव्हतं म्हटलं. तरी राग आला.

मग कागदावर शिडी काढायला लावली. दहा पायऱ्या. सगळ्यात खाली खाडीचा फोटो बघणं. मग आवाजासकट व्हिडिओ. मग रस्त्यावरून लांबून बघणं. सगळ्यात वर चालत्या होडीत बसणं. प्रत्येक पायरीवर भीतीला दहापैकी आकडा द्यायचा आणि थांबायचं, तो आपोआप उतरेपर्यंत. पळायचं नाही. उतरला की पुढची पायरी.

दहावी पायरी लिहिताना पेन फाटकन कागदात घुसलं.

२६ जून, गुरुवार

खाडीचा फोटो. मोबाइलवर. वीस मिनिटं. घामाने कुर्ता भिजला. सदतिसाव्या वर्षी फोटोला घाबरते मी! कुणाला सांगायचं!

५ जुलै, शनिवार

आज मॅडमवर ओरडले. व्हिडिओत लाटांचा आवाज चालू होता, त्या म्हणाल्या, "अजून थोडा वेळ थांबा." आणि माझं डोकं फिरलं. "थांबा काय थांबा! माझ्या बापानं पण हेच केलं! पाण्यातच जाते म्हणे! तुम्ही फक्त फी घेऊन करताय!"

बाहेर बसलेल्या माणसांनीही ऐकलं असणार.

त्या म्हणाल्या, "वडिलांनी तुम्हाला विचारलं होतं का?"

नाही.

"'बस' म्हटल्यावर थांबले असते का?"

व्हिडिओ चालूच होता, मी तो बंद केला नाही. थोड्या वेळाने आवाजाची भीती आठावरून तीनवर आली होती. मला कळलंही नाही कधी ते.

१२ जुलै, शनिवार

पाम बीचला गाडी थांबवून खाडीकडे तोंड करून उभी राहिले. कठड्यापासून दहा पावलं. भीती नऊ. नऊ. आठ. मितेशला आता सगळं माहीत आहे, तो गाडीतून हॉर्न वाजवतोय! "झालं का? नो पार्किंग आहे, हवालदार पावती फाडेल!" मी जाऊन खिडकीतून असा काही आवाज चढवला की बाजूची रिक्षा थांबली. रुतिका मागच्या सीटवर कानात बोटं घालून बसली होती.

मग परत गेले आणि उभी राहिले. पाचावर आली. खरंच आली! कोणी न ढकलता!

१९ जुलै, शनिवार

आयचा फोन. बातमी पोचलीच. "तुला डाक्टर कशाला गो? लगीन झाल्यापासून एकदा तरी दर्याला नारल वाहिलास काय? तो रुसलाय तुझ्यावं."

दर्या रुसला म्हणे! मी रुसलेय त्याचं काय? ते कोणाला विचारायचं नाही. फोन ठेवला.

पण रात्रभर विचार केला. जेट्टी म्हणजे सहावी पायरी. नारळी पौर्णिमेला जाते. बघूच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

घरी आल्या आल्या वही घेतली.

जेट्टीवर गेले. नारळ वाहिला, सगळ्या बायकांमध्ये उभी राहून. भीती सातवर होती, पण उभी होते! आय रडली. मग कल्पेश, माझा सख्खा धाकटा भाऊ, म्हणाला, "ताई, बोट बांदलेली हाय. नुस्ती येऊन बस. सजवलीय बघ कशी. दोन मिनटं." शिडीवर आठवी पायरी हीच होती, बांधलेली होडी. मला वाटलं, आज जमतंय तर जमतंय. सातवी गाळून बसले.

बसले आणि त्याने दोर सोडला. इंजिन चालू!

बाबा काठावरून ओरडले, "ने, ने! आता जायल भीती!" बायका टाळ्या वाजवतायत. बेंजो वाजतोय. मी ओरडतेय, थांब, थांब, कल्प्या थांब! आणि तो हसतोय! त्याला वाटलं तो माझं भलं करतोय. सगळ्यांना वाटलं. अख्ख्या गावाला माझं भलं करायची एवढी हौस!

परत काठाला लागले तेव्हा ओकले. मग कल्पेशच्या कानाखाली वाजवली. मग बाबांकडे वळले. काय काय बोलले ते लिहीत नाही. एकतीस वर्षांचं होतं. त्यांची टोपी हातात, मान खाली, सगळं गाव बघतंय.

रुतिका आयच्या पदराला धरून हमसून हमसून रडत होती. मी तिचा हात ओढून सगळ्यांना दाखवला. "बघा! बघा माझी पोर कशी भेदरलीय पाण्याला! तिलाही टाका आता कॅन बांधून!"

९ ऑगस्ट, शनिवार

कल्पेशची राखी पाकिटातच राहिली. राहू दे.

१६ ऑगस्ट, शनिवार

सहावीवरून थेट दुसऱ्या पायरीवर. व्हिडिओचा आवाज लावला की लगेच बंद करते. दोन महिन्यांची मेहनत, पाच मिनिटांत पाण्यात! मॅडमना म्हटलं, झालं, संपलं, माझे पैसे परत करा. त्या म्हणाल्या, "घसरलात. शिडी आहे तिथेच आहे." दुसऱ्यांदा चढताना लवकर चढाल, असंही म्हणाल्या. बोलायला काय जातं.

आणि एक काम दिलं. घरच्यांशी नियम ठरवायचा. माझ्या शब्दाशिवाय होडी हलणार नाही. कोणीही, कितीही प्रेमाने, नाही.

माझ्या बापाला नियम! ते भरती-ओहोटीचाच तेवढा ऐकतात.

२४ ऑगस्ट, रविवार

बाबा आले. आमच्या घरी कामोठ्याला, एकटे, पिशवीत बोंबील घेऊन. सोसायटीच्या वॉचमनने अर्धा तास खाली बसवून ठेवलं होतं, त्याच्यावर आधी ओरडले. मग बाबांवर.

ते सोफ्यावर टोकाला बसले. म्हणाले, "माज्या बापानं मना असाच टाकला. त्याला त्याच्या बापानं. आमाला दुसरा कायच येत नव्हता गो बाय."

"मग माफी मागा!"

मागितली नाही. मागणारही नाहीत. बोंबलाची पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "आता काय करू, ते तू सांग."

मी म्हटलं, विचारा. हात लावायच्या आधी विचारा. नाही म्हटलं तर नाही.

"येवढाच?"

एवढंच! एवढंच मागतेय मी एकतीस वर्षं! एवढं बोलले आणि रडू फुटलं, इतका राग आला रडण्याचा की किचनमध्ये जाऊन बोंबील धुवायला घेतले. पाण्यात हात घालून, पातेलं भरून. नंतर लक्षात आलं.

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जनाला गेले नाही. पाम बीचचा कठडा मात्र गाठला. भीती चार.

२१ सप्टेंबर, रविवार

लिहून ठेवते, नाहीतर उद्या खोटं वाटेल.

जेट्टी. होडी बांधलेली. बाबा दोर धरून उभे. आजूबाजूच्या दोन-तीन जणांनी नाकं मुरडली तरी बाबांनी लक्ष दिलं नाही. म्हणाले, "बसतेस काय?" मी म्हटलं, थांबा. थांबले. दहा मिनिटं थांबले! रोहिदास तांडेल! मग बसले मी. पाय फळीवर, दोन्ही हातांनी कड घट्ट. आठ. पाणी खाली चुबुक चुबुक वाजतंय. सात. बाबा म्हणाले, "सोडू?"

"नाही."

"बरं."

नुसतं बरं. अजून एकदा विचारलं, अजून एकदा नाही, अजून एकदा बरं. वीस मिनिटांनी चारवर आले आणि मीच म्हटलं, दोन हात दोर सोडा. तेवढाच दोर सोडला. दोन हात! मी तिथे होते, पाण्यावर, आणि कोणी मला फसवलं नाही.

अजून राग गेलेला नाही. पण आज जेट्टीवरून उतरताना त्यांना हात दिला.

रुतिका आली नाही. पोट दुखतं म्हणाली. पुढच्या रविवारी तिला घेऊन जाणारच. आईला जमतं हे तिने बघायला हवं. तिची भीती माझ्याकडून आली आहे, तर तिचा उताराही माझ्यापासूनच होऊ दे. मॅडमनाही विचारून झालंय, तिच्यासाठी लहान शिडी करू म्हणाल्या.

२८ सप्टेंबर, रविवार

जेट्टीवर पोचलो. कल्पेशची होडी नुकतीच लागली होती. मी रुतिकाचा हात धरून म्हटलं, घाबरू नकोस हं, लांबूनच बघ. तेवढ्यात तिने हात सोडवला. टुणकन होडीत उडी, खाली न बघता, आणि कोपऱ्यातला डबा घेऊन आतलं पाणी उपसायला लागली. रोजचं काम असल्यासारखी. मग तिला मी आठवले. तशीच गोठली, डबा हातात.

कल्पेश दुसरीकडे बघू लागला. बाबाही.

"कधीपासून?"

"गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीकडे राहिले, तेव्हापासून. मामानं मला विचारून नेलेलं. मला पोहता पण येतं."

"मग शाळेत का रडलीस?"

"पोहले असते तर मिसनं तुला सांगितलं असतं. मग तू विचारलं असतंस, कुठे शिकली. मग तू ओरडली असतीस."

ती रडायला लागली, पौर्णिमेला आयच्या पदराला धरून रडली होती तशीच. आणि तेव्हाही ती पाण्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

घरी आले. वही उघडून तासभर बसलेय. आज कोणावर चिडायचं ते सुचत नाहीये.