बैलाची मांडी आणि आमच्या गावचा न्याय

थ्रासिल्लोस काकांना पुतण्या फिलाग्रोसचा वाकून नमस्कार. तुमचा खोकला, काकूंची कंबर आणि बंदरावरचं मासळीचं दुकान, तिन्ही ठीक असोत. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, फक्त गावानं मला वाळीत टाकायचं मनावर घेतलंय. आणि टाकू देत! मी केलं ते शंभर वेळा करीन.

त्या दिवशी बैल सुटल्यावर तुम्ही तसेच बंदराकडे निघून गेलात, म्हणून पुढचं सविस्तर लिहितो. यंदा बळीच्या मांसाचे वाटे करायचं काम सोडतीत माझ्याकडे आलं. (तीस वर्षं पावट्याचे दाणे काढतोय, माझा पांढरा दाणा पहिल्यांदा निघाला, आणि तोही यासाठी!) आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सगळे वाटे वजनाला सारखे, मग कुणाच्या नशिबी मांडी, कुणाच्या नशिबी मणके. पण आपला निकोडेमोस हल्ली शहरात जाऊन विद्वानांच्या पायाशी बसतो. तो सभेत उठून म्हणाला की सगळ्यांना सारखंच देणं हा न्यायच नव्हे. ज्याची जशी लायकी, तसा त्याचा वाटा. काका, एकूण एक हात वर! कारण प्रत्येकाची खात्री, की गावात लायक म्हणावा असा आपण एकटेच.

सणाच्या दिवशी मी सुरी घेऊन उभा राहिलो आणि विचारलं, बोला, लायकी कशानं मोजू? झालं! हेगेसियस म्हणे, बैल माझ्या गोठ्यातला, मांडी माझी. म्हातारे म्हणे, आम्ही युद्धात रक्त सांडलंय. (नाकाचा घोळणा फुटला असेल, तेवढंच.) निकोडेमोस म्हणे, पहिला मान शहाण्याचा, आणि शहाणा कोण हे सांगावं लागतं यातच तुमचं अडाणीपण दिसतं. दुपार कलली, निखारे विझायला आले, माशा जेवून गेल्या. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गप्प बसा सगळे! सकाळी मिरवणुकीत बैल उधळला, तेव्हा तुमची ही श्रीमंती, शौर्य नि शहाणपण कुठल्या झाडावर चढलं होतं? शिंगं धरून त्याला वेदीपर्यंत कुणी आणलं? थ्रेसहून आलेल्या सितासनं, त्या कातडी कमावणाऱ्यानं! आणि मांडी उचलून मी सितासच्या हातात दिली.

अहो, काय गहजब! परक्याला गावच्या बळीत वाटा? सितास बिचारा थोड्या वेळानं ती मांडी फडक्यात बांधून परत घेऊन आला. म्हणाला, "दादा, तुमचा न्याय तुम्हाला लखलाभ. मला याच गावात राहायचंय." मला इतकं वाईट वाटलं, की काय सांगू. तसाच त्याचा हात धरून त्याच्या दारात गेलो, भर रस्त्यात चूल मांडली आणि दोघांनी मिळून ती मांडी खाल्ली. लोक बघत होते. बघेनात का!

आता पौर्णिमेला माझ्या कामाची चौकशी आहे. गाव विरोधात गेलं, तर यापुढे मला ना सणात वाटा, ना सभेत आवाज. माफी मागून मोकळा हो, असा निरोप हेगेसियसनं दोनदा पाठवला. मी मागणार नाही. तुमचं नाव अजून याच गावच्या यादीत आहे, तेव्हा मत द्यायला या.

तुम्हीच ज्याला लहानपणापासून हट्टी म्हणत आलात, तो
फिलाग्रोस

ता. क. नुसत्या मतानं भागणार नाही, साक्षही लागेल. झाडावर कुणी चढलंच नव्हतं, असं आता सगळे शपथेवर सांगताहेत. कोण कोण होतं, हे सर्वांत वरच्या फांदीवरून तुम्हाला चांगलं दिसलं असेल.

पुन्हा ता. क. लायकीप्रमाणे मी स्वतःला काय वाढून घेतलं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. एक खूर घेतला. बैलाचा दोर माझ्याच हातून सुटला होता, काका. हे मात्र सभेत बोलू नका.