खापरावरचं नाव

३ मार्च
नवी शाखा निघतेय — बसने सहा तास लांब! आम्ही दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या सातजणी, त्यातल्या एकीला तिकडेच राहायला जायचंय. मालकांनी हात झटकले. म्हणे, तुमच्या रीतीप्रमाणे चिठ्ठ्या टाका. प्रत्येकीने एक नाव लिहायचं. जिचं जास्त निघेल ती. मी गेले तर आईचं कोण करणार? वर्षभर अंथरुणाला खिळलीय ती. लेकीची परीक्षाही तोंडावर.

४ मार्च
कामात लक्ष नाही. डावा सुळा उजवीकडे बसवला! शेजारच्या टेबलावरच्या शिडीने — उंच म्हणून आम्ही शिडी म्हणतो तिला — मेण गरम करून गुपचूप नीट केला.

५ मार्च
चिठ्ठी टाकली. शिडीचं नाव लिहिलं. एकटा जीव, मागे कुणी नाही — अशी मनाची समजूत घातली. पटत नाहीये.

६ मार्च
शिडीच! तिच्या नावाच्या तीन, माझ्या दोन. सुटले. आणि जेवण काही गेलं नाही.

८ मार्च
लेक परीक्षेसाठी रोज एक अवघड इंग्रजी शब्द कपाटावर चिकटवते. आजचा — ऑस्ट्रसाइझ. म्हणजे वाळीत टाकणं, बाहेर काढणं. कुठून आला तेही तिने हौसेने सांगितलं. जुन्या अथेन्समध्ये लोक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नाव कोरायचे. ज्याचं जास्त वेळा निघेल तो दहा वर्षं गावाबाहेर. त्या खापराला म्हणायचे ऑस्ट्राकॉन, त्यावरून शब्द.

गुन्हा काय असायचा, मी विचारलं.

"गुन्हा लागायचाच नाही गं आई. नाव पुरे."

मी उगाचच खेकसले तिच्यावर. काय एकेक शब्द शोधून आणतेस! बिचारी तोंड पाडून बसली. मग मीच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

९ मार्च
काम करताना शिडीकडे बघवत नाही. आज तिने माझ्यापुढे चहा ठेवला. कशीबशी प्यायले.

११ मार्च
लाज वाटते, लाज! ती जायच्या आत सांगणार. मग तोडू दे बोलणं.

१२ मार्च
बसपाशी सांगून टाकलं. शिडी बॅग खाली ठेवून म्हणाली, "दोघींनी तुझं नाव लिहिलेलं मी पाहिलं होतं. मग मी माझंच लिहिलं."