लुमेकवरचं वळण

३ फेब्रुवारी

खिडकीची जागा मिळाली! उजवीकडची, पंखाच्या पुढची. काउंटरवरच्या मुलीला तीनदा सांगावं लागलं. "मॅडम, डावीकडून छान दिसतं." दिसू दे.

अकरा वर्षं वहिनीकडे रेल्वेनेच जातेय. चौदा तास, पाठीचा भुगा. पण विमान नको, आणि या मार्गावर तर नकोच नको. अकरा वर्षांपूर्वी दादा याच मार्गावर बेपत्ता झाला. आता वहिनीची इमारत पाडणार आहेत, महिनाअखेर घर रिकामं करायचंय, आणि मला मोकळे फक्त शनिवार-रविवार. बसले मुकाट्याने.

हात रिकामे राहिले तर रडू येईल म्हणून नकाशा उलगडला. वैमानिकांचा, आमच्याच ऑफिसचा. बावीस वर्षं हे नकाशे दुरुस्त करतेय, पण वरून खाली पडताळून पाहिलं ते आज पहिल्यांदा. बाराव्या मिनिटाला धरण – टिक. एकविसाव्याला नदीचा फाटा – टिक. बरोब्बर! शेजारचे गृहस्थ म्हणाले, "विमान तुम्हीच चालवताय की काय?" म्हटलं, "नाही हो, चुका काढतेय." ते हसले. मला नाही आलं हसू.

अडतिसाव्या मिनिटाला लुमेक. हे काही गाव नव्हे. आकाशातल्या वळणांना अशी पाच इंग्रजी अक्षरांची नावं देतात, अर्थ शून्य. विमान उजवीकडे वळलं, पंख खाली झुकला. डोंगर, जंगल, घळी. एका घळीत काहीतरी चमकलं. पुन्हा चमकलं. मोजत गेले – ऑफिसची खोड. एकोणीस. मग बंद.

पत्र्याचं छप्पर असेल.

४ फेब्रुवारी

पुस्तकांची सहा खोकी झाली. बेसिनवर दादाचा दाढीचा ब्रश अजून तसाच. (आरसा तो कायम बरोबर न्यायचा. "हॉटेलातल्या आरशात मी म्हातारा दिसतो!") ब्रश कधी बांधायचा विचारलं, तर वहिनी म्हणाली, "सगळ्यात शेवटी."

दारावर नव्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवली तिने. म्हटलं, "वहिनी, दारच पाडणार आहेत." तर म्हणे, "माहितेय गं, नणंदबाई. पण तो आला आणि त्याला काही कळलंच नाही तर?"

मृत्यूचा दाखला तिने अजून घेतलेला नाही. सापडला नाही म्हणजे गेला नाही, एवढंच तिचं म्हणणं. तिच्या नजरेला नजर देऊन कपाट आवरणं मला जमत नाही.

१० फेब्रुवारी

धरण, फाटा, लुमेक. पंख झुकला. तीच घळ.

आज ऊन नव्हतं. पातळ, मळकट आभाळ. तरी चमकलं. एकोणीस! शेजारच्या बाईंना म्हटलं, "ते बघा, तिथे." त्या अर्ध्या माझ्या अंगावर आल्या. "कुठे? झाडंच तर आहेत." त्यांना दाखवत होते तेव्हासुद्धा चमकत होतं. त्या म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर बघून घ्या."

लिहूनच टाकते. कुणी वाचणार नाही.

दादा टपालाचं छोटं विमान चालवायचा, एकटाच. त्या दिवशी त्याचे रेडिओवरचे शेवटचे शब्द – "लुमेकवर आहे. वळतोय. इंजिन खोकतंय." शोधाच्या खोलीत नकाशे पुरवायला मलाच बोलावलं होतं. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या नकाशात लुमेकवर बोट ठेवलं आणि आकडा वाचला. अक्षांशात ४१ मिनिटांच्या जागी १४ छापलं होतं. लुमेक पन्नास किलोमीटर दक्षिणेला सरकला होता. तो तक्ता मीच भरला होता, मीच तपासला होता. मोठी विमानं यंत्रांवर उडतात. हा नकाशा फक्त छोट्या विमानांचा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि मी गप्प बसले.

मनाची समजूत घातली – दादा नकाशाबरहुकूम उडणारा माणूस. नकाशात लुमेक जिथे, तिथेच तो गेला असणार. म्हणजे शोध बरोबर जागी चाललाय. म्हणजे बोलायची गरज नाही. बाराव्या दिवशी शोध थांबला. आमच्या नकाशांचा नवा अंक दर अठ्ठावीस दिवसांनी निघतो. पुढच्या अंकात 'किरकोळ दुरुस्त्या' म्हणून आकडा बदलला आणि नियमाप्रमाणे जुने नकाशे यंत्रात घालून त्यांचा चुरा केला. स्वतःच्या हाताने.

११ फेब्रुवारी

कपबशा बांधल्या. वहिनी गुणगुणत होती.

१७ फेब्रुवारी

आज खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काहीच नव्हतं. विमानतळ सुटल्यापासून ढगांची गादी. धरण नाही, फाटा नाही. हुश्श केलं! नकाशा काढलाच नाही. डोळे मिटले.

पंख झुकल्याचं पोटाला कळलं. बघायचं नाही, बघायचं नाही – बघितलं. ढगाच्या आत उजेड. एक. दोन. खालून आरपार येतो कसा? पंधराव्याला मी खिडकीचा पडदा ओढला. चार शिल्लक होते. पडद्याची कड चार वेळा उजळली.

हवाईसुंदरी पाणी घेऊन आली. "बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, "विमानाची सवय नाही."

१८ फेब्रुवारी

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. वर दादाचे स्वेटर, खाली नकाशांचा गठ्ठा. त्याला दोन प्रती मिळायच्या – एक विमानात, एक घरी. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर घरच्या प्रतीवर निळ्या पेन्सिलीने खुणा करत बसायचा. वहिनी ताट घेऊन उभी.

सगळ्यात वरचा अंक त्या महिन्याचा. मी चुरा केला होता तोच अंक.

छापलेल्या लुमेकवर निळी फुली. पन्नास किलोमीटर वर, डोंगरांत, निळं वर्तुळ. शेजारी त्याचं तिरकं अक्षर – "छोटीची चूक! आल्यावर चिडवायचं."

छोटी म्हणजे मी. त्याला माहीत होतं. तो वर्तुळावर गेला. आम्ही बारा दिवस फुलीवर शोधलं.

नकाशा घडी घालून पर्समध्ये टाकला. वहिनीने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय सापडलं गं?" म्हटलं, "स्वेटर."

२१ फेब्रुवारी

ऑफिसात तीन दिवस नुसते आकडे बघतेय. मुका आकडा मुकाच राहतो, मला वाटायचं. सगळे बोलायला लागलेत. नोकरी जाईल. जाऊ दे! त्याची भीती नाही. वहिनीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

२४ फेब्रुवारी

धरण. फाटा. लुमेक. एकोणीस. पडदा ओढला नाही. शेवटपर्यंत बघितलं आणि घळ निळ्या वर्तुळाशी ताडून पाहिली. आत आहे. अगदी आत.

सांगितलं.

वहिनी फरशीवर बसून ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळत होती. नकाशा तिच्यापुढे ठेवला. तिने आधी अक्षर ओळखलं, त्यावरून बोट फिरवलं, हसली. मग वाचलं. मग मी उरलेलं सगळं सांगितलं, एका दमात, न थांबता. ती गुंडाळायची थांबली नाही.

"तुला कळलं केव्हा?"

"तिसऱ्या दिवशी."

"आणि शोध बारा दिवस चालला."

"हो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने तो ग्लास खोक्यात ठेवला, दुसरा घेतला. तोही गुंडाळून झाल्यावर म्हणाली, "मला माझा नवरा आणून दे. बाकीचं मग बघू." आणि मग, माझ्याकडे न बघता – "आज तू हॉटेलात राहा."

गेले.

२६ फेब्रुवारी

साहेबांच्या टेबलावर नकाशा ठेवला. आणि लेखी कबुली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बाई, काय केलंत हे!" दुपारपर्यंत शोधपथकाचा फोन आला. निळं वर्तुळ मोठं आहे, म्हणाले, आत बारा घळी आहेत. मी सांगितलं – तिसरी, पूर्वेकडून. "कशावरून?" मी म्हटलं, "अंदाज."

मला घरी बसायला सांगितलंय.

२ मार्च

वहिनीने नव्या घरात ब्रश बेसिनवर ठेवला. तिने नाही सांगितलं, शेजारणीकडून कळलं. माझे फोन ती घेत नाही.

पथक आज डोंगर चढतंय.

६ मार्च

सापडला. तिसरी घळ. विमान झाडांखाली, बरंचसं शाबूत. दारात तारेला दाढीचा आरसा टांगलेला. आतल्या पत्र्यावर निळ्या पेन्सिलीच्या खुणा, रोजची एक. पथकातला माणूस फोनवर मोजायला लागला. मी म्हटलं, एकोणीस. तेवढ्याच भरल्या.

तिसऱ्या खुणेशेजारी लिहिलंय, म्हणे – "छोटीला एव्हाना चूक कळली असेल. येतीलच."