दारूच्या दुकानापुढचा खांब

१५ जाने. ९७, बुधवार
बस कमी केली मेल्यांनी. सकाळी दोन आणि दुपारी एक तेवढी तळवलीत येणार. संध्याकाळची गावात वळणारच न्हाई, नाक्यावरनंच माघारी. थांब्याच्या खांबावर कागद चिकटवलाय, गावात प्रवासी नाहीत म्हणून. मग आम्ही कोण? म्हशी? कागद वाचायला मला वेळ लागला, शिव्या द्यायला लागला न्हाई.
मंगल, माझी सून, त्याच संध्याकाळच्या बसनं कंपनीतनं येते. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायचं काम. पुढच्या महिन्यात कायम करतो म्हणालेत तिला. नेमका आत्ताच ह्यांना बसचा झटका आला.

१६ जाने., गुरुवार
मंगल नाक्यावर उतरून चालत आली. एका अंगाला कंपनीची भिंत, दुसऱ्या अंगाला गवत. दिवा एक न्हाई. आली ती स्टोपाशी जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, "कुत्री होती, आत्याबाई." कुत्र्याला भिऊन माणूस असं पांढरं पडत न्हाई.
दत्ता, तिचा नवरा, माझं एकुलतं रत्न. मार्केटात गोण्या उचलतो. आला तवर आमची जेवणं झालेली. गाडी उशिरा लागली म्हणे. सगळं ऐकलं आणि म्हणाला, "नोकरी सोड." झाला निकाल. म्हटलं, "बस त्यांनी काढली, नोकरी हिनं का सोडायची?"
"आई, तू मधी बोलू नको."
मी मधी बोलतच न्हाई. मी आधी बोलते.

१८ जाने., शनिवार
हिराबायला घेऊन डेपोत गेले. हिराबाय आमची घरमालकीण, मूळची इथलीच. साहेब पोरगेला, मिशी नुकतीच फुटलेली. म्हणाला, "आजी, आमचा माणूस गावच्या थांब्यावर उभा होता. चढताना उतरताना कोणी दिसलंच नाही. तिकीट नाक्याचं आणि गावाचं एकच, त्यावरून काही कळत नाही."
हिराबाय म्हणाली, "आमी रोज जाताव. तुजा मानूस आंदला हाय का?"
बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. तो मेला खांबापाशी उभा! खांबापाशी कोण मरायला जातंय? समोर देशी दारूचं दुकान. खांब रोवल्यापासनं गावातली एक बाई तिथं उभी राहिली न्हाई. सगळ्या जणी वळणाआड पिंपळाखाली. ड्रायवरला ठाऊक हाय, तो तिथंच थांबवतो. चढायचं तिथं, उतरायचं तिथं.
परत आत जाऊन सांगितलं. म्हणाला, "थांबा म्हणजे खांब, आजी. पिंपळ आमच्याकडे नाही. येत्या शुक्रवार-शनिवारी पुन्हा माणूस पाठवतो. दिसले प्रवासी तर बघू."

२१ जाने., मंगळवार
दारोदार सांगत फिरले, शुक्रवारी खांबापाशी उभ्या राहा. एकीची सासू म्हणते, "आमची सून दारूच्या दुकानापुढं? लोक काय म्हणतील?" म्हटलं, बस न्हाई तेव्हा हे लोक काय म्हणतात? दुसरी म्हणाली, नवऱ्याला विचारते. म्हटलं, जा, तिथंच सापडंल. दार लावून घेतलं तिनं.
शेवटी हिराबायनंच काढलं. संक्रांतीचं हळदीकुंकू खांबापाशी करायचं. कुंकवाला नको कोण म्हणणार? दुकानवाल्याला तिनं दम भरला, तेवढा वेळ फळी लावून ठेव म्हणून. मला विधवेला कुणी हळदीकुंकवाला बोलवत न्हाई, पण बायका गोळा करायला चालते.

२४ जाने., शुक्रवार
जळलं मेलं.
बायका आल्या. गजरे, ठेवणीतली लुगडी, वाण लुटायला प्लास्टिकचे डबे. डेपोनं पाठवलेला चेकर खांबाला टेकून उभा. म्हटलं झालं काम. तेवढ्यात बस आली आणि ह्या सगळ्या पदर सावरून बाजूला सरल्या. बसला वाट दिली! एक चढली न्हाई. कुंकू लावायला आलेल्या, जायचं कुणाला कुठं होतं? ड्रायवर बघतोय, कंडक्टर बघतोय. चेकर म्हणाला, "आजी, गर्दी आहे. प्रवासी नाहीत."
आणि हिराबाय त्यालाच तिळगूळ द्यायला गेली. मला तो लाडू फेकून मारावासा वाटला.
नंतर बायकांना जे बोलले ते लिहीत न्हाई, वही नातीची हाय, दत्ताच्या पोरीची.

२५ जाने., शनिवार
आज एकेकीला दंडाला धरून चढवली. नाक्यापतूर जा, चालत माघारी या. कंडक्टर तोंडावर हात धरून हसत होता. हसंना. चेकर लिहीत होता, तेवढं बास.
एक जण नाक्यावर उतरलीच न्हाई. तशीच माहेरी गेली. तिची सासू दुपारपासनं माझ्या दारात. म्हटलं, मी बस मागितली होती, तुमची सून न्हाई.

१ फेब्रु., शनिवार
संध्याकाळची बस आली. महिनाभर चालवून बघणार, मग ठरवणार. उपकारच केले.
पण थांबणार खांबापाशीच, ड्रायवरला ताकीद मिळालीय. उतरणाऱ्या बायका पिंपळापाशी ओरडत राहिल्या, त्यानं पुढं नेली आणि दुकानापुढं उतरवल्या. आता त्या मलाच शिव्या घालतात. घाला.
दत्ता म्हणतो, "दारूच्या दुकानापुढं माझी बायको उतरणार न्हाई. लोक कसले असतात तिथं, ठाऊक हाय का?" अंधारातनं चालायची न्हाई, खांबापाशी उतरायची न्हाई. मग काय उडत येऊ दे? मंगल भांडी घासत बसली. ह्या पोरीच्या गप बसण्याचापण मला राग येतो.

३ फेब्रु., सोमवार
मंगल डबा भरून कामावर गेली. विचारलं न्हाई, सांगितलं न्हाई. मी दत्ताला म्हटलं, संध्याकाळी मी जाऊन थांबते तिच्यासाठी. तर केवढा चिडला! "तू कशाला जातीस तिथं? म्हातारं माणूस." एवढी काळजी कधीपासनं? मार्केटातनं लवकर आला, मला उंबऱ्याबाहेर पडू दिलं न्हाई, स्वतः जाऊन तिला घेऊन आला. दोघं भांडतच आत शिरली.

४ फेब्रु., मंगळवार
आज त्याला उशीर होणार होता. मी गेले.
खांबाला टेकून उभी राहिले. दुकानात चांगली वर्दळ. एक जण उठून म्हणाला, "मावशी, बाकड्यावर बसा की." बोलायला सभ्य होता. दुसऱ्यानं मला निरखून बघितलं आणि आत तोंड करून हाक मारली, "दत्ता, ए दत्ता! तुझी आई आलीय रं!"
रोजच्यासारखी हाक. पाहुण्याला मारतात तशी न्हाई.
आतनं कुणी बाहेर आलं न्हाई. मीपण आत गेले न्हाई. पाय उचलत होता, पण बस आली. मंगल उतरली. दुकानाकडं मान वळवली न्हाई तिनं. अशी न वळवली की मला कळलं, हिला कवाच ठाऊक हाय. वाटेत म्हणाली, "आत्याबाई, थंडी हाय, पदर घ्या." तेवढंच.
आम्ही घरी पोचल्यावर मागनं दत्ता आला. "गाडी उशिरा..." एवढं म्हणाला आणि थांबला. मी ताट वाढलं. म्हटलं, "बस उद्या पण तिथंच थांबणार हाय."
मंगल समोर येऊन बसली. म्हणाली, "मग मी उद्या कामावर जाऊ का नको? एकदाच सांगा."
माझ्या जिभेवर उत्तर होतं. गिळलं. त्याचं त्याला देऊ दे.
मी इकडं लिहितेय, ती तिथंच बसलीय, आणि तो जेवतोय. एवढी सावकाश भाकरी त्यानं जन्मात खाल्ली न्हाई.