पाणी तुटलं तिथून पुढं

केडगाव,
१२ डिसेंबर १९९९

प्रिय निकी,

माझं अक्षर पाहून छातीत धस्स झालं असेल, तर आधी खाली बस आणि बातमी ऐक. टेलला, चारीच्या शेवटच्या शेतांना, पाणी आलं. बांधापर्यंत नाही, चारीच्या तोंडाशी नाही, थेट आमच्या शेतात, हरभऱ्याच्या मुळाशी. आई चपला काढून त्यात उभी राहिली होती आणि बाबा तिला ओरडत होते की बाई, सर्दी होईल. फोनवर सांगता आलं असतं, पण एसटीडी बूथवर मागं माणसं ताटकळत उभी असली की मला रडता येत नाही, आणि हसता तर त्याहून येत नाही. मला दोन्ही करायचं होतं, म्हणून हे पत्र.

आपण हा उद्योग सुरू केला तेव्हाचं आठवतं का? कॉलेजच्या प्रोजेक्टला सगळ्या पोरांनी लायब्ररीची पुस्तकं आणि दुकानाची बिलं घेतली होती. तू म्हणालीस, आपण गावचं पाणी घेऊ. धरणातून आवर्तन सुटलं की ते कालव्यातून आपल्या चारीला येतं, तुमच्या शेतांपासून सुरू होतं आणि आमच्या शेतांशी संपतं, त्यात कुणाची पाळी कधी आणि किती वेळ, हे सगळं राधाकृष्णमामा, चारीवर पाणी वाटणारा पाटकरी, डोक्यात ठेवायचा. ते आपण कॉम्प्युटरमध्ये भरलं आणि प्रोग्रॅमचं नावही ‘पाटकरी’च ठेवलं. मामाला दाखवायला गेलो तर तो पडद्याकडं बघत म्हणाला, "माझं नाव डब्याला दिलं व्हय? मग आता चारीवर फावडं घिऊन त्यालाच धाडा." तू खो खो हसलीस. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं की म्हातारा काहीतरी खरं बोलला.

पहिल्या वर्षी धरण भरलेलं होतं, त्यामुळं आपल्या पाटकऱ्याची वाहवा झाली. पाणी पुरून उरत असलं की कुणीही शहाणा दिसतो. पुढच्या वर्षी वरून पाणी मध्येच तुटलं, आमची पाळी यायच्या आधी. होतं असं. पण पुढचं आवर्तन सुटलं तेव्हा आपला पाटकरी परत चारीच्या मुखापासून, तुमच्या शेतापासून, सुरू झाला. मागच्या वेळी कुठं थांबलो होतो ते त्याला ठाऊकच नव्हतं. परत पाणी तुटलं, परत आम्ही कोरडे. मामाच्या हातात कारभार होता तेव्हाही पाणी तुटायचं, पण मग तो टोपी काढून आमच्या दारात यायचा, बाबांच्या नजरेला नजर न देता म्हणायचा, "रंभाजी, फुडल्या येळंला पैलं तुमचंच." आणि खरोखर द्यायचा. त्याला लाज होती. ती प्रोग्रॅममध्ये घालायची असते हे आपल्याला शिकवलेलंच नव्हतं. आई एवढंच म्हणाली, "तुमचा पाटकरी लई इसराळू हाय गं." ती मला बोलली असती तर बरं झालं असतं, ती हसून बोलली.

म्हणून आपण दुसरा केला, पाणी कुठं तुटलं ते लक्षात ठेवणारा, पुढच्या आवर्तनाला तिथूनच सुरू होणारा. तू पुण्याच्या नोकरीत इंटरनेटवर पान उघडलंस आणि दोन्ही पाटकरी तिथं ठेवलेस, ज्याला जो हवा तो त्यानं उतरवून घ्यावा. मला वाटलं होतं, नवा असताना जुना कोण नेईल? किती भोळी मी! चारीच्या मुखाशी जमीन असलेल्या प्रत्येकाला जुनाच हवा होता. तुझे आप्पा तर पाणी वापर संस्थेचे चेअरमन. बाबा एकदा भीतभीत विचारायला गेले तर ते म्हणाले, "आता कॉम्प्युटरनं काढलंय, आमी काय करनार?" पूर्वी भांडायला निदान माणूस समोर असायचा. आता यंत्राशी कोण भांडणार? बाबा गुपचूप परत आले आणि ज्वारीकडं न बघता घरात जाऊन बसले. खरं सांगते निकी, त्या दिवशी मला तुझ्या आप्पांचा इतका राग आला होता की तुझ्या पत्राला उत्तर द्यायलाही हात उठला नाही. तुझा काही दोष नव्हता, तरी.

मग यंदा तू जुना पाटकरी पानावरून काढून टाकलास. मी फक्त एकदा म्हटलं होतं, हट्ट धरला नव्हता, कारण तो काढणं म्हणजे कुणाशी उभा दावा मांडणं आहे हे मला कळत होतं. तू चोरूनही केलं नाहीस. आधी आप्पांना फोन करून सांगितलंस आणि त्यांनी तो आपटला. दिवाळीला तू आली नाहीस. तुझ्या आईनं, रतनकाकूंनी, करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला, पदराने डोळे पुसले आणि डबा पुण्याला पोचवायचा कसा ते सांगायचं विसरल्या. तो डबा माझ्याच फळीवर राहिला. आमच्या शेतात पाणी यावं म्हणून तुझं घर तुटलं, असा सौदा मी कधीच केला नसता. अर्ध्या करंज्या मीच खाल्ल्या, हे आता सांगून टाकते.

गंमत म्हणजे तू काढलास त्यानं सुरुवातीला आप्पांचं काहीच अडलं नव्हतं. जुना पाटकरी संस्थेच्या फ्लॉपीत सुखरूप होता. तो कॉम्प्युटर तुला माहीतच आहे, हार्ड डिस्क कधीच गेलेली, फ्लॉपी घातली तरच जागा होणारा. आप्पा गावभर सांगत होते की पोरीनं बाजारातलं दुकान बंद केलं तरी माल माझ्या घरात आहे. आणि मग, दिवाळीच्या आधीच, आली खंडेनवमी. नांगर, विळे, मोटरपंप यांच्या ओळीत संस्थेचे सेक्रेटरी आबासाहेब यांनी कॉम्प्युटर मांडला, त्याच्यासमोर फ्लॉपी. दरवर्षी वरच्या प्लॅस्टिकलाच कुंकू लागायचं. यंदा त्यांना वाटलं, एवढं पाणी देणारं दैवत आणि आपण नुसत्या अंगरख्याची पूजा करतो. त्यांनी ती पत्र्याची सरकपट्टी बाजूला सारली आणि आतल्या काळ्या तबकडीला बोटभर हळदीकुंकू लावलं, वर फुलाने पाणी शिंपडलं. नंतर मला स्वतःच अभिमानाने सांगत होते, "कवराला लावून काय उपेग, भारती? द्येव आत हाय." निकी, मी तोंडात ओढणी कोंबून अंगणात पळाले.

दसरा झाला, दिवाळी झाली, आवर्तनाची तारीख आली, आणि कॉम्प्युटर फ्लॉपी घेऊन नुसता खरखर करू लागला. आबासाहेब माझ्याकडं इथं नोकरीच्या गावी, केडगावला आले, एखादी प्रत असली तर दे म्हणाले. माझ्याकडं नव्हती. तू पानावरून काढलास तेव्हाच मी माझ्या फ्लॉप्या पुसून टाकल्या होत्या; घरात ठेवला असता तर कधीतरी कुणाच्या तरी रडगाण्याला भुलून दिला असता. मग आप्पा स्वतः शेवगावला गेले, त्या इंटरनेटवाल्या क्लासमध्ये. तिथला मास्तर माझ्या ओळखीचा, त्यामुळं पुढचं सगळं मला त्याच्याकडून कळलं. आप्पा आत शिरतानाच म्हणाले, "पोरीचं पान उघडा न् त्यातला जुना पाटकरी काढून द्या. नवा नको." मास्तरांनी पान उघडलं. जुन्याच्या जागी तू लिहिलेल्या ओळी होत्या, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. मास्तरांनी ते अडखळत मोठ्यानं वाचलं. जुना पाटकरी बंद केला आहे. त्याच्यात चूक आहे, पाणी कुठं तुटलं ते त्याला आठवत नाही, त्यामुळं टेलच्या लोकांचं पाणी जातं. कुणीही वापरू नये, कुणी दिला तरी घेऊ नये. आणि खाली तुझं पूर्ण नाव, निकिता मच्छिंद्र गरड.

मास्तर म्हणाला, ते नाव ऐकलं आणि उठायला निघालेला म्हातारा खुर्चीत परत बसला. क्लासमध्ये पोरं बसली होती, दोन हजार साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार की नाही यावर त्यांची हुज्जत चालली होती. आप्पांनी मास्तरांना शेवटची ओळ परत वाचायला लावली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटी म्हणाले, "नवा द्या." जाताना चांगल्या दोन प्रती मागून घेतल्या, एक वापरायला आणि एक, त्यांच्याच शब्दांत, "आबासायबाच्या पूजेला."

नव्या पाटकऱ्यात मागं पाणी कुठं तुटलं होतं ते भरलं आणि तो सुरू झाला तिथून, म्हणजे आमच्यापासून. मुखाकडच्या मंडळींनी संस्थेत येऊन आरडाओरडा केला. आणि आप्पांनी त्यांना काय उत्तर दिलं असेल? "आता कॉम्प्युटरनं काढलंय, आमी काय करनार?" राधाकृष्णमामा हे मला सांगताना अक्षरशः गुडघ्यावर थापा मारत होता.

सहा डिसेंबरला मी सुटी घेऊन गावी गेले होते. अभिवादन करून घरी येतोय तोच मामा चारीच्या कडेनं चालत येताना दिसला, आणि त्याच्याबरोबर तुझे आप्पा. पाणी त्यांच्या पुढं पुढं, पालापाचोळा ढकलत चाललेलं, आणि हे दोघे मागून, वाटेत कुणी चारीला दार फोडून पाणी वळवत नाही ना ते बघत. तुझे आप्पा एवढी वर्षं चेअरमन, पण टेलपर्यंत चालत आलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनाही नवीनच होतं. ते इकडंतिकडं बघत म्हणाले, "लई लांब हाय की रं हे." बाबा म्हणाले, "व्हय. पान्यालाबी लांबच पडतं." एवढंच. बाबांनी फावड्यानं पहिलं दार धरलं आणि पाणी वाफ्यात वळलं, तेव्हा मला जे सुटल्यासारखं वाटलं ना, ते कसं लिहू? दोन वर्षं कुणीतरी माझ्या मानेवर हात ठेवून उभं होतं आणि तो हात उचलला, असं.

आईनं चहा ठेवला. मी मनात म्हटलं, आता हे काहीतरी कारण काढून उठतील. उठले नाहीत. ओट्यावर बसले, चहा बशीत ओतला, फुंकर मारून सगळा प्यायले आणि आईला म्हणाले, "कलाबाई, आमची निकी तुमच्या चुलीपाशी बसून भाकरी खायाची, तवापासनं तिला घरची गोड लागत न्हाई." आपण दोघी समजत होतो की हे कुणाला माहीत नाही! त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी तुला कधी अडवलं नव्हतं. पण स्वतः यायला त्यांना एवढी वर्षं लागली, हेही खरंच. मी ते मनातल्या मनात म्हटलं, चहावर विरजण नको म्हणून. मग ते आपणहून बोलले, माझ्याकडं न बघता. "चूक हाय म्हनून पोरीनं जगाला लिव्हलं. न् खाली माझं नाव लावलं. माझं नाव लावून ती खरं बोलली, मग मी कसं खोटं वागू?"

आता हे पत्र का, ते सांगते. एवढं बोलून त्यांनी खिशातून एक आंतरदेशीय पत्र काढलं. कधीपासून तिथं होतं कोण जाणे, घड्या पडून मऊ झालेलं, आत नुसतं ‘चि. निकिता’, पुढं कोरं. म्हणाले, पुढलं सुचत न्हाई, तू लिव्ह, तुझ्या हातचं ती वाचंल. काय लिहू विचारलं तर सांगितलं ते जसंच्या तसं देते. "तिला म्हनावं, आपन नव्या पाटकऱ्यासारखं करू. जिथं तुटलं तिथून फुडं. फोनचं काढायचं न्हाई, दिवाळीचं काढायचं न्हाई, पैल्यापासनं सुरू करायचंच न्हाई. संक्रांतीला घरी ये." तर निकी, ये. पुण्याची गाडी शेवगावला कधी पोचते ते त्यांनी माझ्याकडून विचारून घेतलंय आणि ते स्टँडवर येणार आहेत. आजवर ते कुणाला न्यायला गेलेले नाहीत, त्यामुळं कुठं उभं राहायचं तेही त्यांना कळणार नाही. तू उतरलीस की तूच हाक मार.

अर्ध्या करंज्यांची चोर,
तुझीच
भारती